कब कॅडेट १०२ : अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये

शेजारच्या आजोबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बारा-तेरा वर्षं उभा होता. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुनी खोकी, एका चाकात हवा नाही आणि सीटच्या फोममध्ये उंदरांचं घर. मी त्या शेडमध्ये कितीतरी वेळा गेलोय, कधी शिडी मागायला, कधी करवत परत द्यायला, पण ताडपत्रीखाली काय आहे हे विचारायचं कधी सुचलंच नाही. ऑक्टोबरात ते शेड रिकामी करायला लागले, मी हात लावायला गेलो, ताडपत्री ओढली आणि खाली हा निघाला, पिवळा-पांढरा, छोटासा, पण खराखुरा ट्रॅक्टर.

"चालतो का?" मी विचारलं.

"इंजिन जाम आहे. शनिवारी भंगारवाला येतोय न्यायला."

मी म्हंटलं शनिवारच्या आत मी नेतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की माझी गाडी हिवाळाभर बाहेर उभी राहणार का, आणि मी हो म्हंटलं. तर हे सगळं तिच्या गाडीच्या जागेवर झालंय हे आधी लिहून ठेवतो.

ज्यांनी गार्डन ट्रॅक्टर बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आता दुकानात मिळतात ते गवत कापायचे बसायचे मोवर वेगळे, त्यांची चेसिस पातळ पत्र्याची असते आणि ते फक्त गवत कापतात. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे जमिनीत काम करणारा, त्याच्यामागे नांगर लागतो, पुढे बर्फ ढकलायचं पातं लागतं, खाली मोवर लागतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर १९४७ पासून लुइव्हिल, केंटकीच्या कारखान्यात फार्मॉल कब हा छोटा शेतीचा ट्रॅक्टर बनवत होते, आणि १९६१ ला त्यांनी त्याहून लहान, घरच्या बागेसाठी कब कॅडेट काढला, ७ हॉर्सपॉवरचा. शहराबाहेर मोठमोठ्या प्लॉटवर घरं होत होती आणि लोकांना घोडा नको, मोठा ट्रॅक्टर नको, पण मशीन हवं होतं. १९६३ ला जॉन डिअरने ११० काढला, व्हील हॉर्स तर आधीपासून होतीच, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं या सगळ्या कंपन्यांनी अशी मशीनं बनवली की आज साठ वर्षांनीही त्यांचे गिअर सहसा खराब निघत नाहीत. १९८१ ला हार्वेस्टरने कब कॅडेट विकून टाकली. माझा १०२ हे मॉडेल १९६५ ते ६७ मधलं. १० हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, कोहलरचं के-२४१ इंजिन, ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य धड, पूर्ण बिडाचा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इंजिनपासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत बेल्ट नाही, सरळ लोखंडी शाफ्ट जातो, मोठ्या ट्रॅक्टरसारखा.

पहिला आठवडा मी काहीच खोललं नाही. फक्त फोटो काढले. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कोणता ब्रॅकेट कोणत्या बाजूला, स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवलेली, अशा साडेतीनशे फोटोंनी फोन भरला. लेक अकरा वर्षांची आहे, तिने झिपच्या पिशव्यांवर मार्करने लिहायचं काम घेतलं, "पुढचा डावा", "हुडचे नट", असं. मार्चमध्ये जोडताना त्या पिशव्यांनी किती वेळ वाचवला ते मोजताच येणार नाही. खोलायच्या उत्साहात लोक हेच टाळतात, आणि मग पाच महिन्यांनी हातात एक वायसर घेऊन उभे राहतात की हे कुठलं.

आता इंजिन.

जाम इंजिन म्हणजे बहुतेक वेळा असं होतं की कोणीतरी मशीन बंद करून ठेवतं, पिस्टन कुठेतरी मध्ये थांबतो, त्या स्थितीत एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि सायलेन्सरमधून दमट हवा, कधी थेट पावसाचं पाणी, आत जात राहतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा बिडाच्या, सिलिंडर बिडाचा, दोघांना गंज चढतो आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच आहेत, जुन्या पद्धतीचं फ्लॅटहेड, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं एक झाकण आहे आणि ते काढलं की पिस्टन, सिलिंडर, दोन्ही व्हॉल्व्ह सगळं समोर दिसतं. शिकायला याच्यापेक्षा चांगलं इंजिन नाही.

आणि हे झाकण काढतानाच मी चूक केली. सहा-सात बोल्ट नीट निघाले, एक निघेना. रात्रीचे साडेदहा वाजलेले, थंडीने बोटं आखडलेली, आणि मला त्या दिवशी हेड उचलून आत बघायचंच होतं, मग मी पान्याला पाइप लावला आणि ओढलं. बोल्ट आधी थोडा फिरल्यासारखा वाटला, मऊ, आणि ज्यांनी कधी बोल्ट तोडलाय त्यांना तो मऊपणा माहितीय, तो बोल्ट सुटण्याचा नसतो, पिळला जाण्याचा असतो. टक् करून डोकं हातात आलं आणि बाकीचा बोल्ट ब्लॉकमध्ये. मी दिवा बंद करून आत गेलो आणि चार दिवस गॅरेजमध्ये पाय ठेवला नाही.

तो तुकडा निघाला तो असा. आधी बरोबर मध्यावर पंच मारला, यात घाई केली तर ड्रिल घसरून ब्लॉकचे आटे जातात. मग डाव्या हाताचा, म्हणजे उलटा फिरणारा ड्रिल बिट. तो कापताना बोल्ट सुटायच्याच दिशेला जोर लावतो, त्यामुळे कधी कधी भोक पूर्ण व्हायच्या आधीच तुकडा बाहेर यायला लागतो. माझा नाही आला. मग टॉर्चने भोवतीचं बीड गरम केलं, लाल नाही, फक्त चांगलं गरम, आणि मेणबत्तीचं मेण लावलं, ते वितळून आट्यांत ओढलं जातं. थंड झाल्यावर पुन्हा गरम, पुन्हा मेण. तीन संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी एक्सट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला बोल्ट आतून धरून फिरवायचं हत्यार, लावून पाव फेरा पुढे, पाव मागे, पुढे, मागे, आणि तो गुपचूप फिरायला लागला, जणू कधी अडकलाच नव्हता. मी तो तुकडा जपून ठेवलाय. त्याच्यानंतर अख्ख्या ट्रॅक्टरवर मी एकदाही पान्याला पाइप लावला नाही.

पिस्टनचंही तसंच. सिलिंडर वरून उघडा आहे म्हणजे त्यात तेल ओतून ठेवता येतं, तर मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून ओतलं. हे मिश्रण एकजीव राहत नाही, दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि ॲसिटोनच्या वाफा पटकन पेट घेतात म्हणून ते ओतायचं असलं की हीटर आधी बंद, दार उघडं, मग थंडी वाजली तरी चालेल. रोज ऑफिसवरून आलो की आधी पातळी बघायचो. पहिले पाच-सहा दिवस काही हललं नाही, मग एक दिवस पातळी थोडी खाली गेलेली दिसली, म्हणजे तेल रिंगांच्या बाजूने झिरपायला लागलं होतं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी लेकीला झोपेतून उठवायच्या बेतात होतो. पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडीने ठोकायचा सल्ला खूप जण देतात, मी दिला नसता. त्याच्या खाली पिस्टनला क्रँकशी जोडणारा ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड आहे, वाकला किंवा तडा गेला तर वरून कळत नाही आणि मग इंजिन चालू झाल्यावर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. मी फक्त फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, दोन हातांनी धरून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असं रोज दहा मिनिटं. तेराव्या दिवशी ते केसभर हललं. मग नखाएवढं. मग बोटभर. दोन दिवसांनी पूर्ण फेरा.

पुढे पिस्टन बाहेर काढायचा तर खालचं तेलाचं पॅन काढून रॉडची कॅप सोडायची आणि पिस्टन खालून ढकलून वरच्या बाजूने काढायचा. पण त्याआधी सिलिंडरच्या वरच्या कडेला बोट फिरवून बघायचं, तिथे रिंग पोचत नाही म्हणून न झिजलेली एक कड उरते, ती रीमरने काढली नाही तर रिंगा त्याच्यात अडकून तुटतात. या इंजिनचा नवीन असतानाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३.२५१ इंच. माझा मोजला तर वर जास्त, खाली कमी, आणि गंजाने एका बाजूला खड्डे पडलेले, बोटाच्या टोकाला लागत होते. नुसतं होनिंग करून, म्हणजे आतून हलकं घासून, भागवावं असा मोह झाला होता खरं सांगतो, कारण मशीन शॉपमध्ये नंबर लागायला तीन आठवडे होते. पण मग मनात आलं, वसंत येईपर्यंत घाई कसली आहे. दिला बोअरिंगला, म्हणजे आतून कापून मोठा करायला. पुढच्या साइजचे पिस्टन मिळतात, १०, २० आणि ३० हजारांश इंच मोठे, माझं पहिल्यावरच भागलं.

या इंजिनात ऑइल पंप नाही हे मला आधी माहिती नव्हतं. रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी दांडी असते, ती प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते, सगळीकडे, सिलिंडरवर, कॅमवर, बेअरिंगवर. बस एवढंच ग्रीसिंग. रॉडला बेअरिंगचे शेल पण नाहीत, ॲल्युमिनियम थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या, पिनवर फिरतं. म्हणून दोन गोष्टी फार महत्त्वाच्या, एक म्हणजे तेलाची पातळी रोज बघणं, आणि दुसरं म्हणजे इंजिन अगदी हळू आरपीएमवर कामाला लावू नये, कारण फेरे कमी म्हणजे उडणारं तेल कमी. जुन्या लोकांना वाटतं हळू चालवलं म्हणजे इंजिनला जपलं, इथे उलटं आहे. माझी क्रँकपिन मोजली तर दीड इंचाची ती जवळपास दीड इंचच होती, गोलही होती, म्हणजे आजोबांनी तेल वेळेवर बदललेलं. मी त्यांना जाऊन हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली, पण त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी गॅरेजच्या दारात येऊन उभे राहायला लागले.

रॉड बसवताना रॉडवर आणि कॅपवर एक-एक उंचवटा असतो खुणेचा, ते दोन्ही एका बाजूला यायला हवेत आणि फ्लायव्हीलकडे. उलटं बसलं तर सगळं बसल्यासारखंच वाटतं, म्हणून मी ते फोटो काढून तपासलं, मग लेकीला दाखवून तिला विचारलं की खुणा कुठे आहेत, तिने बरोबर बोट ठेवलं तेव्हाच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना, हातात घेतला. व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर घासून घट्ट बसवणं, तेही तिनेच केलं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर रबरी कपची काठी चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी घुसळायची, सरसर आवाज येतो, आणि आवाज बारीक झाला की पुसून बघायचं, कडेला सगळीकडे सारखा राखाडी पट्टा दिसला पाहिजे. कुठे तुटलेला दिसला की परत. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणाऱ्या दांडीमधला, गॅप या इंजिनला थंड असताना इनटेकला ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टला जवळपास त्याच्या दुप्पट, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. "मग गरम झाल्यावर दोघांचा सारखा होतो का?" असं तिने विचारलं. चांगला प्रश्न होता. सारखा नाही होत, पण दोघंही पूर्ण बंद व्हायला जागा उरते, एवढंच हवं असतं.

गिअरबॉक्सचं लिहिण्यासारखं काही नाही. झाकण काढलं, गिअर बघितले, सगळे दात शाबूत, जुनं तेल काढलं, सील बदलले, झाकण लावलं. क्लचची प्लेट नवीन टाकली, आणि हा क्लच शाफ्टवरच बांधलेला असतो आणि त्याची स्प्रिंग चांगलीच दाबलेली असते, म्हणून ती सोडायला मी आधी दोन लोखंडी पट्ट्या आणि लांब बोल्टांचा शिकंजा बनवला. हाताने धरून पिन ठोकू नका, तोंडावर येते.

गंज काढायचं काम मात्र मला इतकं आवडलं की ट्रॅक्टरचे भाग संपले तर मी घरातल्या जुन्या बिजागऱ्या आणून टाकल्या त्यात. मोठा प्लॅस्टिकचा टब, पाणी, त्यात धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि साधा जुना बॅटरी चार्जर. चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ लोखंडी पट्टीला, दोघं एकमेकांना लागता कामा नयेत. चालू केलं की बारीक बुडबुडे यायला लागतात आणि रात्रभरात लाल गंज काळा होऊन सुटतो, सकाळी ब्रशने नुसता पुसला जातो, आणि खालचं चांगलं लोखंड जराही कमी होत नाही. पॉलिश पेपरने घासलं तर गंजाबरोबर लोखंडही जातं, इथे नाही. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. पट्टी स्टेनलेसची वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा भाग टाकायचा नाही, सोडा त्याला खातो. स्प्रिंग टाकायची नाही, हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं. आणि ते बुडबुडे हायड्रोजनचेच असतात, म्हणून दार फटीभर उघडं आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढायची नाही, ठिणगी नको. बाहेर काढलेला भाग लगेच सुकवून प्रायमर मारायचा, नाहीतर अर्ध्या तासात त्याच्यावर नारिंगी पूड चढलेली दिसते.

जुन्या रंगाबद्दल पण लिहायलाच पाहिजे. त्या काळातल्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर बंदी आली ती १९७८ ला. त्यामुळे कोरडं घासायचं नाही, पाणी लावून घासायचं, मास्क चांगला, कपडे वेगळे, आणि त्या दिवशी मुलांना गॅरेजमध्ये यायचं नाही. लेक रुसली पण मी ऐकलं नाही. जुन्या क्लच-ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते एअर गनने फुंकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

स्टिअरिंग व्हील सगळ्यात शेवटी निघालं. नोव्हेंबरात नट काढला आणि तेल मारलं, व्हील हललं नाही. मग मी ते तसंच सोडलं, रोज जाता-येता दोन थेंब, आठवड्यातून एकदा पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावून थोडा ताण द्यायचा आणि ताण तसाच ठेवून निघून जायचं. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी गॅरेज उघडलं तर व्हील पुलरसकट सुटून पडलेलं. रात्री केव्हातरी, एकटंच. मी खूप वेळ तिथे उभा होतो. खालची स्टिअरिंगची पेटी खोलली तर आतली पिन एका बाजूने झिजलेली, ती बदलली, ॲडजस्ट केली आणि व्हीलचा चार बोटांचा खेळ एका बोटावर आला. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनचाही खेळ असाच काढला.

वायरिंग नवीन केलं. या ट्रॅक्टरला सेल्फ आणि जनरेटर वेगळे नाहीत, एकच मशीन आहे, बेल्टवर. किल्ली फिरवली की ते बॅटरीवर मोटर होऊन इंजिन फिरवतं, आणि इंजिन चालू झालं की तेच जनरेटर होऊन बॅटरी भरतं. किती साधी आणि सुंदर कल्पना आहे ही! एवढी वर्षं बंद राहिल्यावर त्याच्या आतलं उरलेलं चुंबकत्व जातं किंवा उलटं होतं, म्हणून इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या आधी रेग्युलेटरवरच्या बॅटरीच्या आणि जनरेटरच्या टर्मिनलला एका वायरने क्षणभर, अगदी टेकवून काढायचं, एक ठिणगी येते, बस. हे न केल्यामुळे लोक चांगला जनरेटर खराब समजून टाकून देतात.

कार्ब्युरेटर उघडला तर आत पेट्रोल वाळून लाखेसारखं झालेलं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तार घालायची नाही, भोक मोठं होतं, मी रात्रभर क्लीनरमध्ये ठेवून हवेने फुंकलं. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटका. माझा कोरडा होता. पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच, ब्लॉकच्या बाहेरच आहेत, छोट्या झाकणाखाली, फ्लायव्हील काढायची गरज नाही, ज्याने हे डिझाइन केलं त्याला रिपेअर करणाऱ्याची काळजी होती. गॅप ०.०२० इंच. टायमिंगसाठी फ्लायव्हीलवर एस अक्षर कोरलेलं असतं, पिस्टन वर पोचायच्या २० अंश आधीची खूण, ते खिडकीत आलं की पॉइंट नेमके उघडायला लागले पाहिजेत, म्हणून पॉइंटला टेस्ट लॅम्प लावून फ्लायव्हील हाताने फिरवायचं आणि दिवा कधी बदलतो ते बघायचं. कॉम्प्रेशन गेजने बघून घाबरू नका, कारण सुरू करताना हलकं जावं म्हणून कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवणारी व्यवस्था अनेक के-सिरीज इंजिनांच्या कॅमवर असते आणि आकडा कमीच दिसतो. फ्लायव्हील उलटं फिरवून बघायचं, जोरात परत उसळलं की कॉम्प्रेशन आहे. माझं असं उसळलं की हात झटकला गेला, आणि दारात उभ्या आजोबांनी पहिल्यांदा मोठ्याने हसून म्हंटलं, "आता चालणार."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ढकलत दाराबाहेर आणला. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचंच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्लग काढून आधी सेल्फवर अर्धा मिनिट फिरवलं म्हणजे तेल उडून सगळीकडे पोचावं, मग प्लग लावला, चोक ओढला. लेक अग्निशामक सिलिंडर घेऊन बाजूला उभी, ते तिचं काम होतं आणि तिने ते फार गांभीर्याने घेतलं होतं. पहिल्या वेळी नुसता फिरला. दुसऱ्या वेळी एक फटका मारला आणि थांबला. तिसऱ्यांदा धरला. जोडताना लावलेलं तेल जळून पांढरा धूर झाला, दोन-तीन मिनिटं काही दिसेना, आणि त्या धुरातून तो एका सिलिंडरचा जाड, सावकाश धडधडणारा आवाज, तो ऐकताना माझे डोळे भरून आले, धुराने नाही. आजोबा कुंपणापर्यंत आले होते. त्यांनी हाताने खूण केली, थ्रॉटल वाढव. बरोबर होतं त्यांचं, हळू ठेवायचं नाही. इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट परत टॉर्क केले.

रंग अजून झालेला नाही. गॅरेजमध्ये दहा अंशांच्या खाली रंग नीट सुकत नाही, मऊ राहतो, धूळ धरतो, म्हणून चेसिस आणि चाकांवर प्रायमर मारून ठेवलाय आणि ऊन यायची वाट बघतोय. हार्डनर टाकलेला टू-पॅक रंग मी घरी मारणार नाही, त्यात आयसोसायनेट असतात आणि साध्या मास्कने ते थांबत नाहीत, साधा इनॅमल चालेल मला. हूड पिवळा करणार, चाकं पांढरी. पण मडगार्डवर जिथे चढताना पाय ठेवला जातो तिथला रंग घासून खालचा पत्रा चकचकीत झालाय, बुटाच्या आकाराचा, तो मी तसाच ठेवणार आहे, वर फक्त पारदर्शक कोट. तो आजोबांचा पाय आहे, चाळीस वर्षांचा. शोमध्ये ठेवायला सगळं नव्यासारखं करणारे लोक आहेत आणि त्यांचं काम बघून मी शिकलोय, पण हा भाग रंगवायचा विचार केला तरी मला कसंतरी होतं.

काल इंजिनचे पाच तास पूर्ण झाले, म्हणजे पहिलं तेल काढायची वेळ. नवीन रिंगा बसताना थोडं लोखंड सुटतंच. गरम असतानाच पांढऱ्या ट्रेमध्ये सोडलं, चुंबक फिरवला, त्याला बारीक काळी पूड लागली, ती रिंगांची, ठीक आहे. पण रॉड ॲल्युमिनियमचा, तो चुंबकाला लागत नाही, म्हणून दिवे बंद केले आणि लेकीने टॉर्च आडवा धरला, रॉड घासत असेल तर तेलात चांदीसारखी चमक दिसते. ट्रे हळूच हलवला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"बाबा, काहीच चमकत नाहीये."

मी पण बघितलं, परत एकदा. नव्हतं काही. नवीन तेल भरलं, डिपस्टिक पुसून दोनदा पातळी बघितली, आणि तिने पिशवीवर तारीख आणि तास लिहिले.